कुलपातलं झाड

नासेरने वाकून फुटव्याला कात्री लावली आणि तो तसाच थांबला. गुडघे दुखत होते. सात वर्षांत हा फुटवा त्याने किती वेळा कापला, त्याला मोजदाद नव्हती. दर पावसाळ्यानंतर तो बुंध्याच्या तळातून पुन्हा डोकं वर काढायचा. बारीक, काटेरी, हट्टी. नासेरला त्याचा राग यायचा आणि कापून झाल्यावर दयाही यायची. उद्या एकतीस तारीख. उद्या नासेर रोपवाटिकेतून निवृत्त होणार होता, आणि पुढच्या वर्षी हे काम कोण करणार, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

समोरच्या बोर्डावर लिहिलं होतं, ‘अंतराळातून परतलेल्या बीपासून उगवलेले बोरीचे झाड. हात लावू नये.’ बोरीच्या आठ बिया यानात बसून पृथ्वीभोवती फिरून आल्या होत्या. पुण्याच्या एका संस्थेने त्या शिरड शहापूरजवळच्या या रोपवाटिकेत पाठवल्या. सात सडल्या, एक उगवली. पहिल्याच आठवड्यात तिच्याभोवती लोखंडी जाळी आली, जाळीला दार आणि दाराला कुलूप आलं. उन्हाळ्यात तिच्यासाठी वेगळा टँकर यायचा. एवढी बडदास्त तहसीलदारांचीही होत नसेल. शेळ्या राखणाऱ्या बाया जाळी दिसली की कळप लांबूनच वळवायच्या. रस्ता चौपदरी झाला तेव्हा दोन्ही बाजूंची झाडं गेली, घरांची अंगणं गेली, नासेरच्या दारातली बोरही गेली. या झाडापाशी मात्र रस्त्याची आखलेली रेघ मुकाट्याने वळली.

बाहेर जीप थांबली. रागिणी मॅडम आल्या. संस्थेच्या शास्त्रज्ञ. दर जानेवारीत त्या यायच्या, बुंध्याचा घेर मोजायच्या, पानं पिशवीत भरायच्या आणि जाताना मूठभर बोरं खायच्या. आज त्यांनी बोर आधी खाल्लं.

“नासेरभाई, यंदा अहवाल देतेय मी,” त्या म्हणाल्या. “गावठी बोरीचं बी, आणि फळ बघा केवढं. काटे तर निम्म्यावर आलेत. अंतराळात जाऊन झाड बदललं, असं लिहिणार आहे.”

त्यांचा चेहरा खुलला होता. नासेरला मात्र एकदम फार थकल्यासारखं झालं. गप्प बसला असता तर उद्या हार घालून घरी गेला असता. सांगितलं तर झाडावर करवत येणार, हे तीस वर्षं कलमं बांधणाऱ्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. पण ही बाई सात वर्षं उन्हातान्हात येत होती. तिने आपल्या नावावर खोटं छापावं, हे त्याला सोसेना.

त्याने कलमाचा चाकू काढला. बुंध्याला दरवर्षी तो स्वतः गेरू आणि चुना लावायचा. आज त्याने तो खरवडला. खाली सालीवर आडवी, फुगीर गाठ दिसली.

“हा सांधा हाये, मॅडम. वरलं झाड अंतराळातलं न्हाई. खालचा खुंट तेवढा हाये. मी दुसऱ्या बोरीचा डोळा भरला त्याच्यावर, कलम केलं. खरं झाड म्हंजी हा फुटवा. मी कापत आलो त्याला.”

मॅडम जाळीला टेकून खालीच बसल्या. बराच वेळ त्यांनी त्या गाठीवरून बोट फिरवलं.

“का केलंत?”

हे उत्तर नासेरने सात वर्षं पाठ केलं होतं. “सवयीनं झालं. गावठी बोरीची दोनशे रोपं व्हती. एकेकाचं डोकं छाटायचं, डोळा भरायचा, फुडं सरकायचं. हात चालून राहिला व्हता. त्याच्यात हेबी आलं.”

मॅडमनी डोळे पुसले. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नासेरला वाटलं.

“चूक माणसाकडूनच होते,” त्या म्हणाल्या. “तीस वर्षांत एक. मी तसंच लिहीन, तुम्हाला कुणी काही विचारणार नाही. फुटवा राखू या. वरचं आजच कापा म्हणजे त्याला जोर मिळेल.”

बरोबर होतं. नासेरनेही हेच सांगितलं असतं. तो शेडमधून करवत घेऊन आला आणि सांध्याच्या वर लावली. फांद्या पिकल्या बोरांनी वाकल्या होत्या. करवत काही पुढे सरकेना.

मॅडम दाराला लटकणाऱ्या कुलपाकडे बघत होत्या. “पण नासेरभाई, हे रोप तर पहिल्या आठवड्यापासून कुलपात होतं. दोनशेंच्या ओळीत कसं आलं?”

नासेरने करवत मातीवर ठेवली. आता त्याच्यात दुसरं खोटं रचायचीही ताकद राहिली नव्हती.

“न्हाई आलं,” तो म्हणाला. “मीच कुलूप काढून आत आलो. दुसऱ्या दिवशी आमच्या दारातली बोर रस्त्यात जाणार व्हती. फातिमाबीनं, माझ्या बायकोनं लावलेली. ती वारल्याला तवा सालबी झालं नव्हतं. बांधावरल्या गावठी बोरीवर तिच्या झाडाचा डोळा भरला असता, तर कुणीबी कुंपणाच्या काट्यासाठी तोडून नेली असती. साऱ्या जिल्ह्यात कुऱ्हाड लागणार न्हाई असं झाड हे एकच व्हतं, मॅडम.”