बायजा नावाची होडी

तिन्ही साक्षीदार एकच माणूस होऊन बसले होते.

सुचिताने टायपिंगच्या दुकानातल्या संगणकाच्या पडद्याकडे पुन्हा पाहिलं. पहिली साक्ष ‘साक्षीदार एक’ची, दुसरी त्याचीच आणि तिसरीही त्याचीच. कपाळावर हात मारून तिने केलेले सगळे बदल उलटे फिरवले.

चूक साधी होती. अलिबागहून वकील अमिषाताईंचा फोन आला होता. “अगं, साक्षी कोणत्या क्रमाने झाल्या याची गावात कुजबुज चालू आहे. आकड्यावरून माणूस ओळखू येईल. आकडे फिरव. एकचा तीन, तीनचा दोन, दोनचा एक.” सुचिताने एकामागून एक बदल केले. एकचे तीन झाले. मग तीनचे दोन करताना हे नवे तीनही त्यात ओढले गेले. शेवटी दोनचा एक केला, तेव्हा वेगळं राहायला कुणी उरलंच नव्हतं.

दोन वाट्यांमधलं दूध आणि ताक अदलाबदल करायचं असेल, तर एक वाटी दुसरीत ओतून चालत नाही. तिच्या एडिटरमध्ये त्याची सोय होती. डावीकडे जुने शब्द लिहायचे, उजवीकडे नवे. जोड्या हव्या तितक्या. बटण दाबलं की मजकुरावरून एकदाच हात फिरतो आणि बदललेल्या शब्दाला पुन्हा शिवत नाही. तिने तिन्ही जोड्या लिहून बटण दाबलं. साक्षीदार पुन्हा तीन झाले, जागा बदलून.

तिने श्वास सोडला. रेतीचा धंदा करणाऱ्या शेठच्या मालवाहू बार्जखाली मोरू कोळ्याची होडी गेली आणि मोरूही गेला, हे पाहिलेले तिघं बोलायला तयार झाले होते. उद्या सुनावणी होती. मागे एकाने नुसती तक्रार केली, तर त्याची वाळत घातलेली जाळी कुणीतरी पेटवून दिली होती. म्हणून खरी नावं सुचिताने कालच काढून टाकली होती. ती तिला पाठ होती, पण माणसं तिने पाहिलेली नव्हती. लग्न होऊन रेवदंड्यात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं.

रस्त्यापलीकडे जीप थांबली. ड्रायव्हर उतरून सरळ दुकानात आला. बाजारात त्याला सगळे ‘शेठची जीप’च म्हणत.

“टायपिंगवाल्या ताई तुम्हीच ना? मोरूच्या केसचे कागद पायजेत.”

“उद्या सुनावणीत मिळतीलच की.”

“शेठला वाट बघायची सवय न्हाय.” त्याच्या बोटात जीपची चावी सारखी वाजत होती.

“वकीलबाईंना विचारते.” तिने फोनकडे हात नेला. त्याने फोनवर पंजा ठेवला.

“नका,” तो हळूच म्हणाला. “शेठ जीपच्या काचेतून बघतायत.”

सुचिताने हात मागे घेतला.

“खरी नावं हायत यात?”

“नाहीत.”

“शोधून दाखवा. विनेश टाका.”

तिसरी साक्ष विनेशचीच होती. तिने नाव टाकलं. काही सापडलं नाही.

“आता बायजा.”

पडद्यावर पिवळे ठिपके उमटले. ‘त्या दिवशी माझी सुट्टी होती. घरची होडी बायजा, हिरव्या पट्ट्याची, देवळाखालच्या जेट्टीला होती. तिच्यातून मला बार्ज दिसला...’

“ती होडी आहे,” सुचिता घाईने म्हणाली. “माणूस नाही.”

“तुम्ही कुठल्या, ताई?”

“माणगावची.”

“तरीच. इथं होडीला आईचं नाव देतात. होडी कळली की पोरगा कळला. हिरव्या पट्ट्याची बायजा खाडीत एकच हाय.”

माणसांची नावं तिने एकूण एक पुसली होती. होडी तशीच राहिली होती.

“छापा,” तो म्हणाला. मग तिच्याकडे पाठ करून दारात जाऊन उभा राहिला. “वेळ लागतो ना तुमच्या मशीनला?”

“लागतो... थोडा.”

“शेठ, मशीन गरम होतेय!” तो बाहेर ओरडला आणि तिथेच चौकटीला टेकून राहिला.

सुचिताने जोड्यांची खिडकी उघडली. नावासकट होडी, हिरवा पट्टा, देवळाखालची जेट्टी, सगळं डावीकडे. उजवीकडे नुसतंच ‘होडी’, ‘रंगवलेली’, ‘खाडीतल्या जेट्टीला’. एकेक शोधत बसली असती तर तो वळला असता. तिने एकदाच बटण दाबलं आणि कागद छापायला सोडले.

कागद स्वच्छ निघाले. पण त्याने आधीच पाहिलं होतं. त्याची जीभ कशी पुसणार?

तो वळला. उभ्या उभ्या कागद वाचू लागला. तिसऱ्या साक्षीवर त्याचं बोट थांबलं, जिथे मघाशी बायजा होती तिथेच. सुचिताने टेबलाची कड घट्ट धरली.

“जुनं काय ठेवलंय कुठं?” त्याने विचारलं.

“नाही.”

“नक्की?”

“गळ्याशपथ. मशीनमध्ये आता एवढंच आहे.”

त्याने कागदांची घडी घातली. तो निघाला तशी तिला राहवलं नाही. ती उठली आणि हात जोडून म्हणाली, “दादा, मघाशी पाहिलं ते शेठना सांगू नका. त्या पोराला मारून टाकतील. ज्या आईचं नाव होडीला दिलंय, तिच्यासाठी तरी...”

त्याच्या बोटातली चावी वाजायची थांबली.

बाहेर हॉर्न वाजला. जीपची काच खाली झाली आणि शेठनी मान बाहेर काढून हाक मारली, “ए विनेश! झालं का न्हाय रे?”