चाकांची गुमटी

देवीदासनं गुमटीचे जमिनीत रोवलेले चारही पाय कापले आणि खाली लोखंडी चाकं बसवली. पांढुर्ण्याच्या बसस्टँडमागं, सरकारी जागेवरचं दादारावचं सायकल दुरुस्तीचं दुकान आता ढकलता येऊ लागलं.

देवीदास दादारावचा धाकटा भाऊ, नगरपालिकेत शिपाई. खबर त्यानंच आणली होती. रोवलेली गुमटी म्हणजे विनापरवानगी बांधकाम, ते पाडणार. चाकं असली की ती गाडी, तिला परवानगी नको. दादारावची बायको मालती म्हणाली, भाऊजी सांगतात तर ऐका. दादारावनं ऐकलं. आईबापामागं त्यानंच देवीदासला वाढवलं होतं.

मग नेहमीसारखा तो बोरगावच्या बाजाराला गेला. तिथं काम पुष्कळ निघायचं, म्हणून मुक्काम करायचा.

परतला तर गुमटी नालीच्या कडेला उभी. तिच्या जागेवर रोवलेले खांब, वर नवं टिन. समोरचे किराणावाले केशवराव त्याला बाजूला घेऊन बसले. पट्टेवाटपाचे साहेब येऊन गेले, म्हणाले. ज्याचं पक्कं रोवलेलं, त्याला जागेचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद, मिळाला. चाकावरच्यांना काही नाही.

"हे टिन कोणं टाकलं?"

"तुह्या भावानं. साहेब यायच्या आदल्या दिवशी," केशवराव म्हणाले. "मले वाटलं, तुले मालूम असन."

ज्याला दादारावनं आपल्या ताटातला घास दिला, त्यानंच गळा कापला होता. दादाराव तडक घरी गेला.

मालती चुलीपुढं भाकरी थापत होती. त्यानं सगळं सांगितलं.

"सख्ख्या भावानं घात केला मालती. आता त्याच्या दुकानापुढं भीक मागू का?"

"भाऊजीचं नाही ते. पट्टा माह्या नावानं हाये," ती म्हणाली. "चाकाचं मीच सांगाले लावलं त्यायले."

कशापायी, दादारावनं विचारलं.

मालतीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"गुमटी बोरगावले घेऊन जा. पुष्पाच्या लेकराले बाप रोज तरी दिसन."