वांग गेल्यावर

"विहीणबाईंना बाहेर बोलवा की. आमी नारळ कुणाच्या हातात द्यायचा?" मुलाची आई बसम्मा दुसऱ्यांदा म्हणाल्या.

शिवकांता स्वयंपाकघरात पदर तोंडावर ओढून उभी होती. बैठकीत तिच्या एकुलत्या एक लेकीचा, महादेवीचा साखरपुडा चालला होता. लातूरकडची माणसं, मुलगा पगारदार. असं स्थळ या घराला पुन्हा मिळणार नव्हतं. आणि आईच आत दडून बसली होती.

तोंडाची ही गत तिची तिनंच केली होती. दुष्काळात गावच्या दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी काढली, तेव्हा ती दोन म्हशी घेऊन अख्खा उन्हाळा तिथं राहिली. बसम्मा मुलगी बघायला आल्या त्या दिवशीही ती छावणीतच होती. पोहे-चहा जावेनं केला. म्हशी जगल्या, पण शिवकांताच्या कपाळावर आणि दोन्ही गालांवर वांग उमटला, काळा आणि चिवट. छावणीतल्या निम्म्या बायकांच्या तोंडावर तेच होतं. कुणी कुणाला हसत नव्हतं.

महादेवीला मात्र ते खुपलं. "आई, साखरपुड्यात फोटो निघतेत. तोंडाचं काई तरी बघ," ती म्हणाली.

बीडच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. वांग हळूहळूच फिका पडतो, उन्हात जाऊ नका, मनानं कुठलंही मलम लावू नका. दावणीला म्हशी असलेल्या बाईनं उन्हात जायचं नाही, म्हणजे मग जायचं तरी कुठं? शेवटी महादेवीनं नेकनूरच्या मेडिकलमधून कुणाला न विचारता एक ट्यूब आणली. त्या मलमानं पंधरवड्यात गुण दिला. गाल असे उजळले की दूध केंद्रावर बायका थांबून बघू लागल्या. बाई हुरळली. चिमूटभर लावून एवढं, तर बोटभर लावून किती, म्हणून रात्रीचं मलम ती सकाळीही थापू लागली. कातडी लाल झाली, आग होऊ लागली, तरी तिला वाटलं की डागच जळतोय. मग एक दिवस गालावर पांढरे ठिपके दिसले. ट्यूब फेकून दिली तोवर ठिपके एकमेकांना जाऊन मिळाले होते.

"हे कोड नाही, मलमानं झालंय. भरून येईल, पण वेळ लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गावाला हे कोण सांगणार? केंद्रावर दूध मापून घेणाऱ्या छबुबाईनं दुसऱ्याच आठवड्यात तिची चरवी बाजूला सारली. "मला काई न्हाई गं, बाकीच्या बाया कुरकुर करतेत," ती म्हणाली. काळ्या तोंडाच्या शिवकांताचं दूध गोड होतं, पांढऱ्या डागाच्या शिवकांताचं कुणाला नको होतं. तिला संताप आला. पण लग्नाचं घर होतं, म्हणून तिनं तो गिळला.

विहीणबाई येत नाहीत म्हटल्यावर बसम्मा स्वतःच नारळाचं ताट घेऊन आत आल्या. त्या हसत हसत कुंकू लावायला पुढं झाल्या आणि शिवकांताचा पदर मागं सरला. बसम्मांचं बोट हवेतच राहिलं.

"कोड हाय व्हय तुमाला? आमाला कावून सांगितलं न्हाई?"

"कोड न्हाई. मलमानं झालंय."

"सगळे असंच सांगतेत, बाई." त्या वाईट बोलत नव्हत्या, घाबरल्या होत्या. "माझ्या दोन पोरी अजून लग्नाच्या हायेत. उद्या नातवंडाच्या अंगावर उठलं तर मी कुणाला जाब विचारू?" त्यांनी ताट खाली ठेवलं.

दारात महादेवी उभी होती. नव्या शालूत, कपाळावर विभूतीचं बोट, डोळे भरलेले. शिवकांतानं तिच्याकडं एकदाच पाहिलं.

"तिला उठायचंच न्हाई," ती म्हणाली. "पोरगी थोरलीची हाय. मी दुसरपणाची. माझं रक्त न्हाई तिच्यात."

तिचा नवरा पंचाक्षरी आवाज ऐकून आत डोकावला होता. तो उंबऱ्यातूनच मागं सरला. त्याचं लग्न एकदाच झालं होतं. पुऱ्या लाटायला आलेल्या सोसायटीच्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं. छबुबाईनं तर शिवकांताच्या बाळंतपणात या महादेवीला न्हाऊमाखू घातलं होतं. तिनं पोळपाटावरची नजर वर केली नाही.

"थोरली बाळंतपणातच गेली, बिचारी," छबुबाई म्हणाली.

बसम्मा महादेवीकडं वळल्या. "खरं का, पोरी?"

"व्हय," महादेवी म्हणाली. तिनं आईकडं बघितलं नाही.

बसम्मांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी महादेवीची ओटी भरली, तिच्या तोंडावरून हात फिरवला. शिवकांताला दोन हात लांबूनच म्हणाल्या, "सावत्र असून पोटच्यासारखं केलंत." शिवकांतानं मान हलवली. सोयरीक वाचली याचा तिला खरोखर आनंद झाला होता. आपण काय बोलून बसलो हे तिला अजून पुरतं कळलं नव्हतं.

दिवस कलता कलता पाहुणे गेले. पंचाक्षरी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला, बायका आपापल्या घरी गेल्या. महादेवी शालूची घडी घालत होती. शिवकांतानं चहा ओतला आणि कप तिच्यापुढं केला.

"घे, गरम हाय."

"ठेव तिथं, मावशी."

शिवकांतानं कप तिच्याजवळ ठेवला. "आता कोण हाय गं ऐकायला?"

महादेवीनं घडीची कड जुळवली. मग मान वर न करता म्हणाली, "सवय करावी लागंल की. सासरी एखाद्या दिवशी चुकून आई म्हणलं तर?"