मागचं बाक

बाळ झाल्यावर ती कॉलेजला परतली, तेव्हा सासूबाई बाळाला घेऊन सोबत येऊ लागल्या. तास चालू असताना त्या सायकलस्टँडच्या कठड्यावर बसत आणि बाळ रडलं की तिला फोन करत. मग तास अर्धा टाकून ती बाळाला पाजायला धावायची. आज रखवालदाराने त्यांना तिथूनही उठवलं. "बाहेरच्यांनी इथं बसायचं नाही." ती थकून म्हणाली, "आई, राहू दे आता. कॉलेज पुरे." "घरी बसून मी काय दिवे लावले? चल," म्हणत सासूबाई बाळासकट वर्गात शिरल्या आणि मागच्या बाकावर बसल्या. मॅडम शिकवायच्या थांबल्या. सगळा वर्ग मागे वळला. "बाळ आत्ताच झोपलंय," सासूबाई कुजबुजल्या. मॅडमनी आवाज खाली आणून पुढचा मुद्दा शिकवायला घेतला. कितीतरी दिवसांनी तिने तास शेवटपर्यंत ऐकला. मागे पाहिलं, तर सासूबाईही झोपल्या होत्या.