दोन हलक्या, एक सणसणीत

सत्त्याण्णव साली दौंडच्या मातीतल्या मोटरसायकल शर्यतीत थोरला शंभू गेला. वर्षभरानं तीच टू-स्ट्रोक गाडी धाकट्या भिमानं ओसरीवर खोलली, तेव्हा रतनबाईचं डोकं भडकलं.

“एक पोरगं खाल्लं हिनं. आन् तू तिला परत जित्ती करतोस व्हय रं?”

“आये, पिस्टनला नव्या रिंगा टाकल्या की बघ. दादा पळवायचा तशी पळंल.”

भिमा रिंगा आणायला शिरूरला गेला, तशी तिनं पिस्टन उचलला आणि माजघरातल्या बाजरीच्या कणगीत खोल खुपसला. आता बस म्हणावं जोडत!

भर दुपारी ओसरीवर किक वाजली. आधी दोन हलक्या, मग एक सणसणीत. अशी किक फक्त शंभू मारायचा.

“भिमा, हाडं मोडीन तुझी!” ती धावली. ओसरीवर कुणीच नव्हतं. इंजिन गोणपाटावर सुटं पडलं होतं, किकचा दांडा भिंतीला टेकलेला.

“थांब, हिरीतच टाकते तुला, मेल्या!” रतनबाई माजघरात परतली आणि पिस्टन काढायला तिनं संतापानं कोपरापर्यंत हात कणगीत घातला. बाजरी गरम लागली. तिनं पिस्टन मुठीत आवळला.

मुठीत तो दोनदा हलकेच हलला.