मदरची साक्ष

शकूआजीच्या थापा अख्ख्या चिंचणीला पाठ. तरी सिस्टर वही घेऊन आली. मठ काढणाऱ्या मदर वारल्या होत्या, त्यांना संत ठरवायला साक्षी हव्या होत्या.

बोंबील टांगता टांगता आजी म्हणाली, "मदर पाण्यावरनं चालत घिवलीला जायची. पापलेटं आपनहून तिच्या टोपलीत उड्या घ्यायची."

"आजी, एक तरी खरं सांगा."

"मग हे काय खोटं हाय?"

सिस्टर वही मिटून रिक्षात बसली. नात हिमानी चिडली. "तुझा सडलेला पाय मदरनं सहा महिने रोज धुतला. ते का नाय सांगितलंस?"

"कुनाला सांगू नको, असं वचन घेतलेलं तिनं. तिला दिलेला शब्द मोडू, तोबी तिलाच संत करायला?"