पहिली फोड

काटोलच्या बागेत चाळीस वर्षं संत्री पिकवणाऱ्या शेषरावमामांनी त्रेसष्टाव्या वर्षी संत्र्याची पहिली फोड तोंडात घातली. इस्पितळातल्या त्या खोलीत त्यांची भाची मृणाल त्यांच्या मनगटावरच्या यंत्राकडे बघत उभी होती. रक्तातली साखर अठ्ठ्याऐंशी.

"आंबट हाय वं पोरी!" मामांनी डोळे मिचकावले. "अन् मी जन्मभर गोड म्हणून विकत आलो."

बघता बघता त्यांनी अख्खं संत्रं संपवलं. मृणालला हसू येत होतं, पण आकड्यावरची नजर हलत नव्हती.

फळातली साखर मधोमध तोडणारं यकृतातलं एन्झाइम मामांचं आणि तिच्या आईचं, दोघांचंही जन्मापासून सदोष होतं. एन्झाइम म्हणजे घडी घातलेली अमिनो आम्लांची लांब साखळी; तिच्यातली एकच कडी चुकलेली, त्यामुळे घडी सैल पडायची. अर्धवट राहिलेली साखर यकृतात तुंबायची, रक्तातली साखर झपकन उतरायची आणि माणूस घामाघूम होऊन कोसळायचा. घरातल्या साध्या साखरेतही ती असतेच, त्यामुळे लहानपणी एकेका लाडवापायी भावंडं मरता मरता वाचली होती. पुढे आईने प्रयोगशाळेत वीस वर्षं खपून घट्ट घडीचं एन्झाइम घडवलं, ते यकृतापर्यंत पोचवायची रीतही शोधली. मामांना पहिली मात्रा टोचली, तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते.

अर्ध्या तासाने शहाऐंशी. तासाने नव्वद. मामांचं कपाळ कोरडं होतं.

"उतरली नाही, मामा."

"उतरन कशी? ताईनं हाती घेतलं होतं ते."

डॉक्टर दारात येऊन थबकले. मृणालने मान ताठ केली.

"माझ्या आईचं एन्झाइम काम करतंय," ती म्हणाली.